बॉनेटवर हात

आमच्या सोसायटीच्या वॉचमनने माझी तक्रार केली आहे. सातव्या मजल्यावरचे काका रोज सकाळी पार्किंगमध्ये फिरतात आणि लोकांच्या गाड्यांच्या बॉनेटवर हात ठेवतात, अशी. सेक्रेटरीबाई माझ्या मुलाशी बोलल्या, मुलगा सुनेशी बोलला आणि सून मला म्हणाली, "बाबा, टेकडीवर जात जा ना फिरायला." दोन दिवस गेलोही. पण टेकडीवर गाड्या नसतात. तिसऱ्या दिवशी मी परत पार्किंगमध्ये होतो. बावधनला मुलाकडे राहायला येऊन मला वर्ष झालं, पण हात अजून जागेवर राहत नाही.

हात का ठेवतो ते सांगतो. इंजिन गार आहे की गरम, एवढंच त्यातून कळतं. माझ्या धंद्यात ते सगळ्यात आधी कळावं लागायचं.

माझा धंदा गाड्या दुरुस्तीचा. कासारसाईच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं, आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. त्याआधी सोळा वर्षं शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये मोठ्या परदेशी गाड्या उघडून बघण्यात गेली, म्हणून गावाकडे आल्यावर त्याच गाड्या माझ्या मागे आल्या. लांबलचक, काळ्या नाहीतर चंदेरी, मागच्या सीटवर पाय पसरून बसता येईल अशा. नव्या असताना ज्यांच्या किमतीत बावधनला फ्लॅट यायचा, त्याच बारा-तेरा वर्षांनी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळतात. आणि आमच्या मुळशीत त्या घेणाऱ्यांना तोटा नव्हता. जमीन विकलेले होते, खोल्या भाड्याने देणारे होते, आणि कंपनीत नोकरी करणारी बाहेरगावची मुलंही होती.

लोक विचारायचे, एवढी मोठी गाडी एवढ्या स्वस्तात कशी? मी सांगायचो, गाडी स्वस्त झाली, तिचे पार्ट स्वस्त झाले नाहीत. फ्लॅटच्या किमतीच्या गाडीचा पार्ट आजही फ्लॅटवाल्याच्याच ऐपतीचा असतो. पहिला मालक हे जाणून होता, म्हणून तर त्याने ती विकली. हे ऐकून माणूस मान डोलवायचा आणि पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन दारात उभा राहायचा.

एक बागायतदार यायचे. त्यांची गाडी रात्री उभी केली की सकाळी पोटावर बसलेली असायची. या गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात, त्या जुन्या झाल्या की हवा सोडतात, त्यात दुसरं काही नाही. पण त्यांच्या घरात ती नजर ठरली होती. लिंबू-मिरची झाली, काळी बाहुली झाली, मग चाकांखाली विटा लावून झाल्या, तेव्हा कुठे माझी आठवण आली. मी पिशव्या बदलल्या, गाडी उभी राहिली. बाहुली त्यांनी तरीही काढली नाही, आणि गुण कुणाचा यावर नवराबायकोत अजून वाद आहे.

दुसऱ्या एकांनी गाडी भाताच्या कोठीत ठेवली होती, कारण घरात दार असलेली पक्की जागा तेवढीच. इंद्रायणीच्या पोत्यांना उंदीर आले, आणि पोती राहिली बाजूला, त्यांनी गाडीच्या वायरी खाल्ल्या. डावा इंडिकेटर लावला की डिकी उघडायची. मालक म्हणाले, चालतंय, डावीकडं कशाला वळतोय आपण. तसे ते सहा महिने चालवत होते.

आणि एक प्लॉटचे एजंट होते. त्यांना गाडी फक्त गिऱ्हाइकाला साइटवर नेण्यापुरती हवी होती. बंद केली की परत लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते ती दिवसभर बंदच करायचे नाहीत. जेवायला बसले तरी बाहेर इंजिन चालू. मला फोन यायचा, मिस्त्री, लग्नाला आलोय, तीन तास चालू ठेवली तर चालेल का? मी ओरडायचो खरा, पण तो माणूस मला बरा वाटायचा. आपण काय घेतलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुरुस्तीपेक्षा माझं नाव झालं ते गाडी बघून देण्यात. घेणारा मला सोबत न्यायचा. मी बघायचो आणि एकच सांगायचो, घ्या किंवा नका घेऊ. लोक म्हणायचे, मिस्त्रीनं पास केली म्हणजे झालं. या कामात माझी एकच अट होती. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे आणि मी आल्यावर, माझ्यासमोर, पहिल्यांदा सुरू झाली पाहिजे. विकणाऱ्याने आधीच फिरवून आणली असेल, तर मी चहाही न घेता परत फिरायचो. कारण या मोठ्या इंजिनांचे बरेच आजार गार असतानाच दिसतात. गरम झाली की तीच गाडी लग्नात आलेल्या पाहुण्यासारखी छान वागते.

ती अट मी एकदाच मोडली. ते सांगायचं म्हणून तर हे लिहायला बसलो.

जांब्याला माझ्या चुलतबहिणीचं सासर. तिचे यजमान, आमचे दाजी, यांनी जमिनीचा तुकडा विकला तेव्हा एक काळी जर्मन गाडी घेतली होती, तीही जुनीच. नंतर उरलेल्या जागेवर त्यांनी खोल्या बांधल्या आणि कंपनीतल्या मुलांना भाड्याने दिल्या. गाडी खोल्यांच्या पुढ्यात पत्र्याखाली उभी असायची. वरच्या खोलीत अमोल नावाचा मुलगा राहायचा, अंबाजोगाईकडचा, हिंजवडीला कामाला. रोज कामावर जाताना तो त्या गाडीकडे बघत बघत जायचा. दोन वर्षं बघितली आणि मग दाजींना म्हणाला, द्याल का.

अमोल मला भेटायला आला तेव्हा मी त्याला नेहमीची फ्लॅटची गोष्ट ऐकवली. तो म्हणाला, "काका, माझे अप्पा बत्तीस वर्षं एसटी चालवत होते. रिटायर झाले तरी कुणाच्या गाडीत मागे बसले नाहीत, कारण कुणी बसवलंच नाही. दिवाळीला मला त्यांना मागच्या सीटवर बसवून गावात न्यायचंय. एकदाच. नंतर खर्च आला तर बघू." मी म्हणालो, बघून देतो.

दिवस ठरला दसऱ्याचा. अमोलला सुट्टी तेव्हाच होती आणि मुहूर्तही होता. मला गॅरेजमध्ये पान्यांची पूजा करायची होती, म्हणून आधी जांब्याला जाऊन येऊ असं ठरवलं. पोचलो तर अंगणात रांगोळी, बहीण औक्षणाचं ताट घेऊन तयार, अमोलच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि गाडीच्या बॉनेटवर झेंडूची माळ. माळेतली मधली फुलं कोमेजली होती आणि टोकांची ताजी होती. मी माळ सारून हात ठेवला. बॉनेट चांगलं गरम होतं.

मी दाजींकडे बघितलं. ते म्हणाले, "पाव्हणं, घरातनं जायच्या आधी देवाला दावून आणली. लेक सासरी धाडताना न्हेत्यात, तशी."

आता यावर काय म्हणणार? गाडी देवाला नेली ते चुकलं, असं दसऱ्याच्या दिवशी बहिणीच्या दारात म्हणू? मला एवढंच म्हणायचं होतं, की मी उद्या येतो. पण उद्या म्हणजे मुहूर्त गेला, मुलाची सुट्टी गेली, आणि दाजींच्या मनात राहिलं असतं की बायकोच्या भावाने आपल्यावर संशय घेतला. हे सगळं माझ्या डोक्यात माळ परत जागेवर ठेवेपर्यंत येऊन गेलं.

बाकीचं मी सगळं बघितलं. खाली पडून बघितलं, स्कॅनर लावला, ऑइल बघितलं, चार किलोमीटर चालवली. गाडी सुरेख चालली. त्या इंजिनाला एक जुना आजार असतो हेही मला माहीत होतं. आतली टायमिंग चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते, त्या झिजतात. मग गार इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड होते, ऑइल वर चढलं की बंद. तसंच चालवत राहिलं तर एक दिवस चेन दात सोडते आणि इंजिन जागच्या जागी संपतं. त्या इंजिनात ही चेन मागच्या बाजूला असते, म्हणजे हात घालायचा तर अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं. एवढं माहीत असून मी दाजींना साधं विचारलं नाही, की सकाळी लावताना आवाज येतो का? विचारलं असतं तर ते खोटं बोलले नसते, हे मला आजही वाटतं. मी अमोलला म्हणालो, घ्यायला हरकत नाही.

घ्या असं न म्हणता हरकत नाही म्हणालो, त्यातच काय ते आलं. पण त्याला माझी भाषा कुठे ठाऊक होती? तो पाया पडला. बहिणीने गाडीला ओवाळलं. मी गॅरेजवर येऊन पान्यांची पूजा केली, आणि त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जांब्याला जाऊन ती सुरू होताना ऐकावी असं वाटायचं. एकदा निघालोही, अर्ध्या वाटेतून परत आलो. ऐकून करणार काय होतो? आवाज आला तर सांगावं लागलं असतं. मग मी कामात घुसलो, आणि एका डॉक्टरांच्या गाडीला चुकीचं ऑइल भरून बसलो, ते काढून पुन्हा भरलं. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

दिवाळीला आठवडा उरला होता तेव्हा एक गृहस्थ गॅरेजमध्ये चालत आले. पांढरा शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन, उन्हाने रापलेला उजवा हात डाव्यापेक्षा काळा. तो हात बघूनच ओळखलं, खिडकीकडेला आयुष्य काढलेला ड्रायव्हर. म्हणाले, मी अमोलचा बाप, माणिकराव. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

ते दोन दिवसांपूर्वी मुलाकडे आले होते. मुलगा त्यांना गाडीतूनच गावी नेणार होता. रोज सकाळी मुलगा ऑफिसला जायला गाडी सुरू करायचा तेव्हा हे बाहेर उभे असायचे. आणि या गाड्यांचं असं असतं, की काचा वर केल्या की आत काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्यासाठीच तर लोक त्या घेतात. गाडीचं दुखणं सगळ्या गल्लीला कळतं, आत बसलेल्याला शेवटी.

"लावताना खडखड करायलीय," माणिकराव म्हणाले. "दोन सेकंद. कालबी केली, आजबी केली. पोराला म्हणलं न्हाई मी. लई खूश हाय त्ये. तुमी पास केली म्हणं गाडी."

मी हो म्हणालो.

"मी यष्टी चालविली, ह्या गाडीतलं मला कळत न्हाई. म्हणून इचारायलो. तीनशे किलोमीटर न्यायलाय पोरगं मला, मागं बसवून. मी बसू का नको, एवढंच सांगा."

बत्तीस वर्षं ज्याच्या मागे पन्नास-पन्नास माणसं निर्धास्त झोपली, तो मला विचारत होता, बसू का नको. माझे हात तेलाने भरलेले होते, ते मी उगाच पुसत राहिलो. मग म्हणालो, नका बसू. आणि का नको तेही सगळं सांगितलं, माळेपासून. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाले, "पोराला तुमीच सांगा. माझ्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटंल, बापाला गाडीच आवडली न्हाई."

संध्याकाळी मी जांब्याला गेलो. अमोल गाडी पुसत होता. मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं आणि म्हणाला, "काका, मी तुम्हाला त्यासाठीच नेलं होतं ना?"

तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, हो, त्यासाठीच नेलं होतंस. इंजिन मी खाली घेतो, माझं काम फुकट, आणि त्याआधी गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवायची नाही. तो वर खोलीत निघून गेला.

दाजी ओट्यावरून ऐकत होते. खाली आले. मला वाटलं, आता भांडण होणार. ते म्हणाले, "आरं, ती सकाळच्याला जरा खडखडायची. पैल्यापासनंच. मला वाटलं, तू येवढा मिस्त्री, तुला म्हाईतच आसंल." देवाला नेलेली गाडी आहे, तिचं असं झालं तर तिथं परत तोंड कसं दाखवू, असं काहीतरी पुटपुटले, आणि म्हणाले की पार्ट काय लागतील ते मला सांग, मुलाला सांगू नकोस. बहीण मात्र माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही.

बापलेक दिवाळीला एसटीने गावाला गेले. अमोलने त्यासाठी ज्या थांब्यावरून बस पकडली, तो माझ्या गॅरेजसमोरच होता. मी आत, ओढून आणलेल्या त्या गाडीच्या इंजिनाखाली पडून होतो. मला त्यांचे पाय दिसले, पिशव्या दिसल्या. मी बाहेर आलो नाही.

इंजिन उतरवलं, उघडलं. एक पट्टी तुटून तिचा तुकडा तळाला ऑइलमध्ये पडला होता. तीनशे किलोमीटर गेली असती का? सांगता येत नाही. कदाचित गेलीही असती. कदाचित चौसाळ्याच्या अलीकडे, भर हायवेवर, इंजिन बंद पडून स्टिअरिंग दगडासारखं झालं असतं. तो तुकडा मी अजून ठेवलाय, डब्यात.

तुळशीच्या लग्नानंतर गाडी तयार झाली. मी अमोलला फोन केला, की सकाळी आठला या, गार इंजिन तुमच्यासमोर लावतो. अप्पांनाही आणा. ते गावाहून खास आले. आणि त्या सकाळी मी काय करावं? सात वाजताच गॅरेज उघडलं. गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या. मनात आलं, लागलीच नाही तर? आवाज राहिलाच असेल तर? माणसं आल्यावर त्यांच्यासमोर ऐकायची माझी छाती होईना. मी किल्ली फिरवली. गाडी लागली, खडखड नाही, काही नाही. इतकं बरं वाटलं की चांगली दहा मिनिटं चालू ठेवून तिचा आवाज ऐकत उभा राहिलो. मग बंद केली आणि पुसून काढली.

आठला ते दोघे आले. अमोलने गाडीकडे बघितलं आणि महिन्याभराने पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून थोडं हसला. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. पण माणिकराव सरळ पुढे गेले आणि आपला तो काळा हात त्यांनी बॉनेटवर ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता.

"गरम हाय," ते म्हणाले. "उद्या येतो."

अमोल म्हणाला, अप्पा, ऑफिस आहे, परत सुट्टी नाही मिळायची. ते म्हणाले, मग मी एकटा येतो. आणि निघाले. मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेलो.

ते दुसऱ्या दिवशी आले. मी किल्ली आदल्या संध्याकाळीच त्यांच्याकडे पाठवून दिली होती. त्यांनी हात ठेवला, गाडी गार होती, स्वतःच लावली, बाहेर उभं राहून ऐकलं आणि मान हलवली. पुढच्या रविवारी अमोल त्यांना मागच्या सीटवर बसवून घेऊन गेला. गॅरेजवरून जाताना काच खाली झाली आणि त्यांनी हात केला. गाडी अजून चालते म्हणे. त्यानंतर मी कुणालाच गाडी बघून दिली नाही, आणि वर्षभरात गॅरेजही आवरलं. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

आजही पार्किंगमध्ये पाचव्या मजल्यावरच्यांच्या गाडीवर हात ठेवला तेव्हा वॉचमन मागे येऊन उभा राहिला. काका, काय बघता हो रोज, त्याने विचारलं. बॉनेट गरम होतं, ते आत्ताच कुठून तरी आले असणार. गरम बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे दोनच शब्द होते, माणिकरावांनी ते पटकन म्हटले, आणि मला दसऱ्याच्या दिवशी बहिणीच्या दारात म्हणता आले नाहीत. वॉचमन अजून उभाच होता. मी त्याला म्हणालो, "उद्या येतो."